लोको मुलुखात, भाताच्या मागोमाग

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या नकाशावर पोर्ट लोको हे नाव दिसतं आणि प्रवासी तिथेच फसतो. नाव लोको जमातीचं, पण आज त्या भागात तेमने भाषाच जास्त कानावर पडते. लोको (ते स्वतःला लांडोगो म्हणवतात) भेटायला मकेनी गाठावं आणि तिथून बोंबाली जिल्ह्यातल्या ग्बेंडेंबूकडे वळावं. रस्ता तांबड्या मातीचा. भाड्याची मोटरसायकल, म्हणजे ओकाडा, हेच खात्रीचं वाहन. मे ते ऑक्टोबर पाऊस असतो, तेव्हा याच वाटेचा चिखल होतो.

गावात शिरल्यावर फोटो काढत सुटू नये. आधी गावप्रमुखाकडे जावं, उजव्या हाताने कोलाच्या बिया द्याव्यात आणि कशासाठी आलो ते सांगावं. आपल्याकडे पानसुपारी, तसा इथे कोला.

बाकी गावाचं घड्याळ म्हणजे भात. आमचं मत असं, की शेत पाहिल्याशिवाय लोकोंचे सण-सोहळे कळायचे नाहीत. पद्धत आपल्या सह्याद्रीतल्या कुमरीच्या, म्हणजे रान जाळून करायच्या फिरत्या शेतीच्या जातीची. कोरड्या दिवसांत रान तोडायचं, पण तेलमाड राखायचे आणि झाडांचे बुंधे गुडघाभर उंच सोडायचे. पडीक काळात त्यांनाच पुन्हा फूट येते. बुंध्यांमुळे नांगरही चालत नाही. तोडलेलं वाळलं, की पहिल्या दमदार पावसाच्या आधी जाळायचं. सगळी मेख इथे आहे. फार लवकर जाळलं तर पेरणीआधीच तण माजतं. उशीर झाला तर ओली लाकडं अर्धवट जळतात, मग ती ढीग करून पुन्हा पेटवत बसा. राखेवर बी फेकतात आणि आखूड दांड्याच्या कुदळीने वरवर मातीआड करतात. त्याच शेतात मका, कसावा (ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो), तीळही असतात. पूर्वी जमीन दहा-बारा वर्षं पडीक राहायची; आता तेवढी उसंत मिळत नाही आणि उतारा घटतो.

निंदणी बायकांची. पाखरं हाकायला पोरं मचाणावर गोफण घेऊन बसतात. कटिंग ग्रास नावाचा सशाहून मोठा कुरतडणारा प्राणी रोपं कापतो, म्हणून शेताला काठ्यांचं कुंपण घालतात आणि मुद्दाम ठेवलेल्या फटींत फास लावतात. जुलै-ऑगस्ट उपासमारीचा, जुनं धान्य संपलेलं आणि नवं अजून शेतात. त्या दिवसांत पाहुणा म्हणून जाणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं खाणं. गेलातच तर बाजारातून तांदूळ घेऊन जा. तो डब्याने मोजून मिळतो, त्याला 'कप' म्हणतात.

भात कोकणातल्या उकड्यासारखाच: भिजवायचा, वाफवायचा, वाळवायचा, उखळात कांडायचा. नीट वाळला नाही तर कांडताना कणी होते. सोबत कसाव्याच्या पानांचं कालवण. कोवळी पानं कुटून लगदा करायचा आणि तो चांगला तासभर शिजवायचा. कच्च्या पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, इथे घाई चालत नाही. मग तांबडं पामतेल, शेंगदाण्याचं वाटण, धुरावलेली मासळी, मिरची. तेल वर सुटलं की झालं. पामतेलाचा हात आखडता घेतलेलं कालवण कोणी वाखाणत नाही.

कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. कणसं चाकूने, मूठ-मूठ कापतात. धान्य घरात आलं, की पोरो (पुरुषांची) आणि सांदे (बायकांची; देशाच्या संपर्कभाषेत, क्रिओत, बोंडो) या गुप्त मंडळांचे दिवस येतात. सांदेचा काळा, चकाकता, मानेवर वळ्या कोरलेला लाकडी मुखवटा बाई घालते. आफ्रिकेत हे क्वचितच दिसतं. सांदेच्या दीक्षेत मुलींची सुंताही होत आली आहे. मुखवट्याच्या कौतुकात हे झाकू नये.

पोरोच्या रानात पाऊल टाकू नये. पोरोचा 'डेव्हिल', म्हणजे मंडळाचा आत्मा, निघाल्याची हाक आली तर बायकांनी आणि बाहेरच्यांनी आत जाऊन दार-खिडक्या लावून घ्यायच्या, फोन खिशातच ठेवायचा आणि कोणी उघडायला सांगेपर्यंत गप्प बसायचं.