फांदी लागली नाही, तरी काच तडकली

कुडाळला आमच्या वर्कशॉपात आलेली ती मारुती जिप्सी दोडामार्गकडच्या काजू-रबराच्या बागेतली होती. पाऊस संपलेला, बेणणी, म्हणजे रान साफ करणं, अजून सुरू व्हायची. या दिवसांत बागेतल्या वाटा दोन्ही बाजूंनी मिटलेल्या असतात. काजूच्या फांद्या छातीएवढ्या उंचीवर आडव्या येतात, वर बांबू वाकलेला आणि त्यात वेली. फांदी काचेवर न आपटता वर सरकावी आणि डोक्यावरून निघून जावी, म्हणून बंपरपासून काचेच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांपर्यंत दोन तारा मालकाने कुठूनतरी लावून घेतल्या होत्या. तारा शाबूत होत्या. काच मात्र उजव्या वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत तडकलेली. गाडी चालवणारा गडी एकच धरून बसला होता, "दगड लागाक नाय, फांदी लागाक नाय, मगे काच फुटली कशी?"

त्याचं म्हणणं खरं होतं. दगड लागला की काचेवर टवका उडतो आणि त्याच्याभोवती चांदणीसारख्या रेघा उमटतात. इथे नख फिरवून पाहिलं तर कुठेच टवका नाही. तडा अगदी कडेपासून निघून एकच बाकदार रेघ होऊन खाली उतरला होता. असा तडा चौकट पिळली गेल्याने पडतो, ठोका लागून नाही. चौकट पिळणारी एकच गोष्ट गाडीला बाहेरून जोडलेली होती, ती म्हणजे त्या तारा.

तारा सोडल्या आणि पुढचं डावं व मागचं उजवं चाक प्रत्येकी 25 सेंमीच्या ठोकळ्यांवर चढवलं. बागेत चर आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी बांधाच्या, ढासळलेल्या जागा ओलांडताना गाडी अशीच उभी राहते. मग बंपरच्या कडीपासून चौकटीच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर टेपने घेतलं. सपाट जमिनीच्या मानाने ते एका बाजूला 5 मिमी कमी झालं, दुसऱ्या बाजूला 6 मिमी वाढलं. कारण सोपं आहे. जिप्सीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वेगळी आणि बॉडी वेगळी, मध्ये रबराचे माउंट. बंपर चासीवर, काचेची चौकट बॉडीवर. चासी पिळली की दोघांमधलं अंतर बदलतंच. जुनी तार होती 6 मिमीची जस्त चढवलेली वायररोप, लांबी जेमतेम 1.7 मीटर, आणि टर्नबकलने, म्हणजे फिरवून ताण वाढवायच्या स्क्रूने, सतारीसारखी ताणलेली. अशी तार 6 मिमी लांबवायची तर अडीचशे-तीनशे किलोची ओढ लागते. ती सगळी पातळ पत्र्याच्या चौकटीच्या एका कोपऱ्यावर येत होती.

कॅमल ट्रॉफी या जुन्या जंगल-मोहिमेतल्या पिवळ्या लँड रोव्हरचे फोटो बघून या तारा लावून घेणारे बरेच येतात. फोटोत तार दिसते. तिचं मागचं टोक कशाला बांधलंय आणि ते किती हलतं, हे फोटोत दिसत नाही.

म्हणून आम्ही तारेची दोन्ही टोकं बॉडीवरच घेतली. गाडीला 38 मिमी पाइपची बाहेरची केज, म्हणजे पाइपचा पिंजरा, होती आणि ती थेट बॉडीच्या टबला, म्हणजे खालच्या पत्र्याच्या खोक्याला, बोल्टने बसवलेली होती, हे आमचं नशीब. मागचं टोक केजच्या पुढच्या कमानीच्या कोपऱ्यावर, पुढचं फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, पुढच्या कोपऱ्यावर. ठोकळ्यांवर चाकं असतानाच हे अंतर मोजून पाहिलं. फरक 1 ते 2 मिमी. बंपर सुटला ते बरंच झालं. तो पाइपचा बुलबार, म्हणजे गाडीच्या तोंडापुढचं लोखंडी कवच, होता, आणि अशा बुलबारवर कारवाई करायला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना सांगितलेलं आहे.

फेंडरचा पत्रा एकटा काही धरत नाही. तो आतल्या पॅनेलला जिथे जोडलाय त्या दुमडीवर जागा घेतली. खाली 60 × 80 मिमीची 3 मिमी जाड पट्टी, वर तशीच दुसरी, वरच्या पट्टीखाली रबर, आणि दोन एम-8 (8 मिमीचे) बोल्ट, हादऱ्याने न सुटणाऱ्या नायलॉक नटसह. वरच्या पट्टीला 5 मिमी जाडीचा कान, म्हणजे भोक असलेली उभी पट्टी, वेल्ड केला, तारेच्या ओढीच्या दिशेलाच कललेला. आय-बोल्ट, म्हणजे डोक्याला कडी असलेला बोल्ट, मुद्दाम टाळला. तो सरळ ओढीसाठी असतो, तिरक्या ओढीत मानेतून वाकतो. भोकांच्या कडांना झिंक प्रायमर लावून वाळू दिला आणि स्टेनलेसच्या बोल्टांखाली नायलॉनचे वायसर घातले. समुद्राकडच्या खारट दमट हवेत स्टेनलेस आणि उघडा पत्रा एकमेकांना टेकले की पत्रा गंजायला लागतो. मागे केजला भोक पाडलं नाही, वेल्डिंगही केलं नाही. रबर घालून यू-बोल्ट आणि त्यावर कानाची पट्टी.

तार 4 मिमी स्टेनलेस, 7×19 विणीची, म्हणजे 19 काड्यांचे सात पेड. हिची तुटण्याची मर्यादा आठशे किलोच्या पुढे आहे, म्हणजे इथे गरजेपेक्षा जास्तच. तरी हीच घेतली, कारण ही वीण थिंबलभोवती, म्हणजे टोकाच्या फासात बसवायच्या धातूच्या खोबणीभोवती, सहज वळते. 1×19 ची तार मजबूत असते, पण काडीसारखी ताठ. टोकांना थिंबल आणि तांब्याच्या निकेल केलेल्या फेरूल (नळ्या), मापाच्या डायने दाबून क्रिंप केलेल्या. जुन्या तारेवर यू-क्लॅम्प, म्हणजे यू आकाराचा बोल्ट आणि त्याचं खोगीर, होते आणि तेही उलटे. खोगीर भार घेणाऱ्या तारेवर बसायला हवं आणि यू परत वळवलेल्या तोकड्या टोकावर. उलट लावलं की यू भाराच्या तारेत रुततो. क्लॅम्प काढल्यावर तिथल्या काड्या चेपून सपाट झालेल्या दिसल्या, तीन तुटलेल्याही होत्या.

पुढून मागे क्रम असा: कान, डी-शॅकल (डी आकाराची कडी), स्प्रिंग, एम-8 टर्नबकल, तार, एस-हुक, केज. स्प्रिंग 1 मिमी ताणायला सुमारे 1 किलो लागणारी. बसवताना 15 मिमी ताणली, म्हणजे तारेत 15 किलोचा ताण. तिला समांतर तोकडी साखळी लावली, स्प्रिंग आणखी 12 मिमी ताणली की साखळी ताठ होते. साखळी नसेल तर तीसेक किलोचा जोर देणाऱ्या फांदीने दीड मीटरची तार मध्यावर वीतभर खाली दबते आणि फांदी वर सरकायच्या ऐवजी त्या झोळीत अडकते. साखळीमुळे झोळ 10 सेंमीच्या आत थांबतो. ताण तपासायला यंत्र लागत नाही. दोन बोटांनी मध्यावर दोनेक किलोचा जोर दिला तर तार चार-पाच सेंमी दबावी. ती टणत्कार करायला लागली तर जास्त ताणली आहे. टर्नबकल हादऱ्यांनी सुटतो, म्हणून त्याच्या पोटातून स्टेनलेसची बारीक तार ओवून दोन्ही टोकांना पीळ दिला.

एस-हुक हा मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. 8 मिमीच्या साध्या सळईचा वाकवला, चेन पुली आणि टांगता काटा लावून ओढला. पावणेदोनशे किलोला तोंड उघडायला लागलं. जाड खोड आडवं आलं तर हुकाने उघडावं, केज किंवा फेंडर उखडू नये. तो वरच्या टोकालाच हवा. खालचं टोक सुटलं तर तार चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. वरचं सुटलं तर ती पुढे, बॉनेटच्या बाजूला पडते. चाकाखाली जाऊ नये म्हणून नायलॉनची सैल दोरी बांधली. नवी काच या सगळ्याच्या नंतर बसवली.

दुपारी बागेत ताशी 8-10 किमीने गाडी घातली. अंगठ्याएवढ्या फांद्या तारेवरून सरसर वर गेल्या, मनगटाएवढ्याही गेल्या. त्यापेक्षा जाड फांदीला तार लावू नये, तिथे थांबून कोयता काढायचा. बांबू वर जातो खरा, पण केजवरून सुटून मागच्या सीटवर सपकन येतो. तेव्हा कमानीपासून मागच्या कमानीपर्यंत दोन्ही बाजूंना आणखी एकेक आडवी तार ओढावी लागली. सगळ्यात त्रास वेलींचा. करवंदीत गुंतलेली एक वेल थेट एस-हुकात अडकली आणि गाडी पुढे जाताना तिने हुकच वर खेचला. हुक, थिंबल आणि टर्नबकल यांच्यावर जुन्या रेडिएटर होजचे तुकडे चढवले तेव्हा पुढच्या वेली घसरून गेल्या.

डांबरी रस्त्यावर यायच्या आधी टर्नबकल सैल करून तारा काढायच्या, हे मालकाला बजावलं. पादचारी वा दुचाकीस्वाराला ती तार कापू शकते, आणि वेग वाढला की ती शिट्टी मारते ते वेगळंच. गड्याला दोन सुटे एस-हुक दिले आणि उघडलेला हुक हातोडीने मिटवून परत लावायचा नाही हे सांगितलं. वाकून सरळ केलेली सळई किती किलोला उघडेल याचा नेम राहत नाही. त्याने हुक डॅशबोर्डच्या खणात टाकले आणि विचारलं, "मगे तो जुनो बंपर भंगारात देव काय?" तो मालकाने त्याच दिवशी आमच्याकडेच सोडला.