कापसाच्या खोलीतला डेक

गुरुवार, रात्र

भाव वाढेल या आशेवर कापूस अजून घरातच आहे. माझी अर्धी खोली त्यानं व्यापली. त्याचा एक फायदा मात्र कोणी सांगितला नव्हता: आवाज घुमत नाही. उन्हाळ्यात याच खोलीत सिमेंटच्या भिंती आणि वरची टिनं मिळून गाण्याचा पार कालवा करतात. आता स्पीकरमधून निघालेला आवाज त्या ढिगात मुरतो. शहरातले शौकीन भिंतींना पैसे मोजून फोम लावतात, आपला घरचाच माल आहे. अंगाला खाज सुटते ती वेगळी. आई रोज बजावते, "वायरी दूर ठेव बाप्पा, आग लागन." तिचं खरं आहे, म्हणून ॲम्प्लिफायर आणि कॅसेट वाजवायचा डेक दोन्ही खिडकीजवळच्या फडताळावर सरकवले.

मांडणी साधीच. ॲम्प्लिफायरला फोन ब्लूटूथनं जोडलेला, टीव्ही वायरनं, आणि मागच्या लाइन-इनमध्ये डेक. डेक यवतमाळच्या एका मेकॅनिककडून जुनाच घेतला. आतले रबरी बेल्ट विरघळून काळा चिकटा झाला होता. त्यानं तो स्पिरिटनं खरवडला, नवे बेल्ट चढवले, फीत ओढणारा पिंच रोलर बदलला. आता फितीवरचा आवाज वाचणारं हेड मीच पुसतो. दिवाळीनंतर घरात धूळ आणि कापसाचे तंतू इतके उडतात की ते पुसल्याशिवाय कॅसेट लावण्यात अर्थ नाही.

कॅसेटचा आवाज म्हणे उबदार असतो. मला ते पटत नाही. पावणेचार मिलिमीटरच्या आसपासची फीत, तिच्यात दोन्ही बाजू मिळून चार ट्रॅक, आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. फिलिप्सनं १९६३ मध्ये ती आणली तेव्हा गाण्यापेक्षा बोलणं टिपण्याचाच विचार जास्त होता. सिनेमातलं गाणं फोनवरून लावलं की कॅसेटपेक्षा स्वच्छच वाजतं. खरखर ती खरखर, तिला उगाच सोन्याचं पाणी कशाला चढवायचं?

पण आज लावलेली कॅसेट फोनमध्ये मिळणारच नाही. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला आमच्या मंडळानं प्रार्थना मंदिरात केलेली खंजेरी भजनं, नव्वदच्या दशकातली. चुलतभावाच्या टेपरेकॉर्डरवर, त्याच्या अंगच्याच माइकवर भरलेली. पहिल्यांदा लावली तेव्हा सगळं घोंगडीखालून आल्यासारखं. त्या मशिनचं हेड किंचित तिरकं असणार. मग ॲम्प्लिफायरचं मोनो बटण, दोन्ही स्पीकरांचा आवाज एक करणारं, दाबलं आणि डेकच्या हेडशेजारचा बारका स्क्रू केसाकेसानं फिरवत गेलो. एका जागी खंजेरीच्या चकत्या एकदम मोकळ्या झाल्या. डेकमधला डॉल्बी, म्हणजे खरखर दाबायची सोय, तोही बंद ठेवला. भरताना तो नव्हताच, आता लावला तर त्या चकत्याच खाऊन टाकतो.

खरी गंमत भजन थांबतं तिथे आहे. त्या स्वस्तातल्या मशिनी आवाजाची पातळी आपणच सांभाळत. मोठा आवाज आला की दाबायच्या, शांत झालं की वर ओढायच्या. त्यामुळे खंजेरी कडाडली की बुवाचा आवाज मागे जातो, आणि भजन संपलं की दोन-चार सेकंदांत सगळं गाव हळूहळू वर येतं. रातकिडे. बैलांच्या गळ्यातली घुंगरं. बायांचं कुजबुजणं, हँडपंपाची करकर. त्या वेळच्या टेपरेकॉर्डरच्या स्पीकरला हे कधी झेपलंच नाही. आम्ही वर्षानुवर्षं फक्त भजनं ऐकली. गाव ऐकू आलं ते या नव्या स्पीकरांमुळे.

संध्याकाळी काकाजी आले. तेव्हा खंजेरी त्यांच्याच हातात होती. सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट; तिची एक बाजू, पाऊण तास, ते जागचे हलले नाहीत. एका भजनाच्या आधी पहिली ओळ अगदी बारीक ऐकू येते, मग खरं भजन सुरू होतं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "आयकलं का? बुवा पयले मनातल्या मनात म्हनून पाहे."

मी सांगितलं, फीत वर्षानुवर्षं घट्ट गुंडाळून राहिली की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं. सी-९० ची फीत पातळ, म्हणून तिच्यात जास्तच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असन. पन बुवा पाहेच म्हनून."

यावर काय बोलणार.

त्यांना हे सगळं मोबाइलमध्ये पाहिजे. पुण्यातल्या भाच्याला फोन लावला, तर तो म्हणतो, मामा, सॉफ्टवेअरनं खरखर काढून देतो, मधल्या रिकाम्या जागाही कापून टाकतो. त्याला बजावलं, खरखर थोडी कमी केली तर चालेल, मधलं काही कापायचं नाही. दुसरी बाजू उद्या भरून पाठवतो, लाइन राहिली तर.

काकाजी निघताना दारात थांबले. "मधात माहा खोकला येते, अन् पोट्ट्याइले देल्ली ते शिवी. तेवढं काढजो गा."

हो म्हणालो. काढणार नाही.