टिचकी

बोटाच्या पेरानं तव्यावर टिचकी मारली आणि पोटात धस्स झालं. घंटेसारखा 'टण्ण' असा आवाज यायला हवा होता. आला 'बद्द'.

बिडाचा जुना, जड तवा. आज जुन्या सामानातून उचलला. गंज होता, पण गंजाला मी घाबरत नाही. व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन अर्धा तास बुडवायचा, घासायचा, लगेच कोरडा करून तेलाचा पातळ हात फिरवून तापवायचा. देणारे काकाही म्हणाले, "गंजच आहे हो ताई, निघून जाईल."

निघालाही. खाली केसाएवढी रेघ दिसली. ओरखडा असेल, अशी मनाची समजूत घातली. तेल लावून पुसलं, तर थोड्या वेळानं त्याच रेघेतून तेल परत पाझरलं. कडेपासून मध्यापर्यंत, जरा वाकडी जाणारी ओली रेघ.

बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो, म्हणून ते ठिसूळ. तापत-निवत राहिलं की तडा पुढे सरकतो.

काका खोटं बोलले नाहीत, त्यांनाही ठाऊक नसणार. मीच गंज न्याहाळत बसले. जे घासून जाणार होतं त्याकडे सगळं लक्ष, आणि तिथेच एक टिचकी मारायचं काही सुचलं नाही!

मधला भाग वापरून वापरून आरशासारखा गुळगुळीत झालाय. कितीतरी वर्षांचा हात फिरलाय त्यावर. कुणीतरी कधी घाईत तापल्या तव्यावर गार पाणी ओतलं असेल का?

आता आचेवर चढवणार नाही, पण टाकवतही नाही. तुम्ही काय केलं असतं?