स्विफ्टला पंधरा इंची अलॉय बसवताना

माझी मारुती स्विफ्ट २०१८ ची, व्हीएक्सआय मॉडेल. कंपनीचे चौदा इंची लोखंडी रिम आणि वर प्लास्टिकच्या व्हील कॅप. त्यातली एक कॅप ताम्हिणी घाटात कुठेतरी उडाली, दुसरीची क्लिप तुटली म्हणून ती वायरने बांधून ठेवली होती. टायरही झिजून खाचांमधल्या खुणेला टेकत आले होते. खाचांची खोली १.६ मिलिमीटर उरली की टायर या खुणेला टेकतो. घाटातून पावसात गाडी चालवणाऱ्याने तिथपर्यंत थांबूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टायर घ्यायचेच आहेत तर रिमही बदलू, लोखंडीऐवजी अलॉय, म्हणजे हलक्या मिश्रधातूचे घेऊ, असं ठरलं आणि २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात नाना पेठेच्या चकरा सुरू झाल्या.

तिथल्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "डिझाइन कुठलं दाखवू?" मला डिझाइन सगळ्यात शेवटी बघायचं होतं. त्याआधी घरी वही घेऊन आकडेमोड केली होती.

माझे जुने टायर १६५/८० आर१४. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची तिच्या ८० टक्के, म्हणजे १३२, आणि रिम १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. वरची-खालची भिंत धरून टायरचा पूर्ण व्यास ६१९.६ भरतो. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीच १८५/६५ आर१५ देते, त्याचा व्यास ६२१.५. दोन मिलिमीटरचाही फरक नाही, त्यामुळे स्पीडोमीटरचा आकडा बिघडत नाही. शिवाय कंपनीचीच साइज म्हटल्यावर कागदोपत्री डोकेदुखी कमी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून गाडीतल्या बदलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली कडक भूमिका घेतली, तेव्हापासून मी अशा बाबतीत जरा सांभाळूनच असतो. विमा कंपनीला मेल टाकून नव्या रिमची नोंदही करून घेतली.

दुकानाचे शेठ मात्र सोळा इंचावर अडून बसले होते. "साहेब, पंधरा काय घेता? सोळा घाला, गाडी बघा कशी बसते रस्त्यावर!" हिशेब केला तर १९५/५५ आर१६ चा व्यास ६२०.९, म्हणजे तिथेही अडचण नाही. अडचण भिंतीची. जुन्या टायरची भिंत १३२ मिलिमीटर, पंधरा इंचीची १२०, सोळा इंचीची जेमतेम १०७. माझी गाडी वर्षातून अनेकदा ताम्हिणी उतरून माणगावमार्गे श्रीवर्धनला जाते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरलेलं असतं, कड दिसत नाही. अशा कडेवर चाक आपटलं की उंच भिंत धक्का पिते. बुटकी भिंत चेपते, आतले धागे तुटतात आणि टायरला बाजूने फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, टाकावाच लागतो. दिसायला सोळा इंची देखणे असतात, वाद नाही. पण मला गाडी उभी करून बघायची नव्हती.

पंधरा इंच नक्की झाल्यावर खरी तपासणी सुरू झाली. पीसीडी, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, स्विफ्टला ४ बाय १०० आहे, म्हणजे चार बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. बलेनोला तोच, आय२० लाही तोच. म्हणून दुकानदार कुठलाही ४ बाय १०० रिम पुढे करून "होतंय फिट" म्हणून मोकळे होतात. बोल्ट बसतात हे खरं, पण मधल्या भोकाचं काय? रिम गाडीच्या ज्या गोल भागावर बसतो तो हब, स्विफ्टमध्ये त्याचा व्यास ५४.१ मिलिमीटर. बाजारातल्या बऱ्याच रिमचं भोक ७३.१ चं असतं, कारण एकच रिम वेगवेगळ्या गाड्यांना खपवायचा असतो. मधली पोकळी भरायला प्लास्टिकची रिंग मिळते, ७३.१ ते ५४.१. किंमत किरकोळ. ती नसेल तर रिम मध्यावर बसवायचं सगळं काम नटांवर येतं, आणि चाक किंचित जरी सरकून बसलं तरी वेग वाढल्यावर स्टिअरिंग थरथरतं. मी रिंगा मागितल्यावर पोऱ्याने मालकाकडे पाहिलं आणि मालकाने ड्रॉवर उघडला. होत्या त्यांच्याकडे, फक्त कुणी मागत नाही.

ऑफसेटचंही तसंच. ऑफसेट म्हणजे रिमची हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर सरकलेली आहे ते. रिमच्या आतल्या बाजूला "ईटी" लिहून आकडा कोरलेला असतो. ४५ च्या जागी ३५ चा रिम घेतला की चाक दहा मिलिमीटर बाहेर येतं. फेंडरच्या बाहेर डोकावणारं चाक कुणाला रुबाबदार वाटत असेल, मला त्याने दारावर उडणारा चिखल दिसतो. जुन्या रिमवरचा आकडा लिहून नेला होता, त्याच्या जवळचाच घेतला. आयएसआयचा शिक्का बघितला आणि मग कुठे डिझाइन: साधं, आठ काड्यांचं, करडं. धुवायला सोपं.

नटांच्या बाबतीत मात्र थोडक्यात वाचलो. अलॉयची भोकं अरुंद असतात, तिथे जुन्या नटांवर पाना जात नाही, म्हणून बारीक नट वेगळे घ्यावे लागतात. फिटरने एक नट हाताने फिरवायला घेतला. दोन आटे गेला आणि अडकला. त्याने लगेच एअर गन उचलली. मी म्हटलं, "दादा, थांबा." मारुतीचा आटा १२ बाय १.२५ (जाडी १२ मिलिमीटर, दोन आट्यांमधलं अंतर १.२५), हातातला नट होता १२ बाय १.५ चा, ह्युंदाईला चालणारा. गन मारली असती तर नट घुसला असता, पण स्टडचे, म्हणजे हबवरच्या बोल्टचे, आटे गेले असते. बरोबरचा नट शेवटपर्यंत बोटांनीच फिरला.

टायरमध्ये सिएट सिक्युराड्राइव्ह, मिशेलिनचे एक्सएम२+ आणि योकोहामाचे अर्थ-१ अशी तीन नावं डोक्यात होती. बजेटमध्ये सिएट बसले. पहिल्या दुकानात काढून दिलेल्यांपैकी एका टायरवर तारखेचे आकडे ४८२२ होते. म्हणजे २०२२ सालचा ४८वा आठवडा, दीड वर्षाचा माल. "टायर काय दूध आहे का नासायला?" असं तिथला माणूस म्हणाला. मी हसलो आणि दुसऱ्या दुकानातून २०२४ सालचेच घेतले. हा आकडा कधीकधी टायरच्या एकाच बाजूला असतो, तेव्हा उलटून बघावं.

टायर चढवताना त्यावरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर ठेवायला सांगितलं. ठिपक्यापाशी टायर हलका असतो, व्हॉल्व्हपाशी रिम जड. तरी चाकाचा तोल तपासणाऱ्या मशीनने एका चाकाला सत्तर ग्रॅमच्या वर वजन मागितलं. फिटर वजनाच्या पट्ट्या चिकटवायला निघाला होता. त्याला हवा सोडून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवायला लावला, तर मागणी पंचवीसवर आली. तो जरा वैतागला, पण नंतर चहा त्यानेच सांगितला.

गाडी आता वळणावर कमी झुकते, ब्रेकही जास्त विश्वासाने लागतो. रुंद टायरमुळे स्टिअरिंग जागेवर वळवताना किंचित जड झालंय आणि ॲव्हरेज लिटरमागे किलोमीटरभराने उतरलंय. शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा तपासून घेतले. स्टेपनी जुनीच, १६५/८० आर१४, ठेवली आहे. व्यास जुळत असल्याने पंक्चरच्या दुकानापर्यंत बिनघोर जाता येतं. फक्त गाडीसोबत आलेला पाना नव्या नटांना बसत नाही, म्हणून त्यांच्या मापाचा पाना आठवणीने डिकीत टाकलाय.