बोर्दो ते तुलूझ, कालव्याच्या काठानं

वहिनींची अट एकच होती. मागून ट्रक येता कामा नये. माझ्या मोठ्या जाऊबाई रोज पहाटे पुण्यात सायकल चालवतात, घाटसुद्धा चढतात, पण मागं हॉर्न वाजला की त्यांच्या पोटात गोळा येतो. त्यांचा मुलगा तुलूझला विमानाच्या कारखान्यात नोकरीला आहे, त्यामुळे त्याच्याकडे जायचं होतंच. त्यानंच सुचवलं, "आई, काकू, पॅरिसहून आगगाडीनं बोर्दोला उतरा आणि तिथून सायकलनं या. ट्रक काय, स्कूटरही भेटणार नाही."

अंतर साधारण 270 किलोमीटर. यातल्या बहुतेक वाटेला तिथं 'व्ह्वा व्हेर्त' म्हणतात. 2004 पासून तिथल्या वाहतूक कायद्यातच तशी तरतूद आहे: सायकल, पायी आणि घोडा, बाकी कुणी नाही. नकाशा बघताना एक पथ्य पाळा. 'व्हेलोरूट' लिहिलेलं दिसलं तर तो नुसता खुणा लावलेला मार्ग असतो, त्यात अधूनमधून साधे गाडीरस्तेही येतात. आमच्या अख्ख्या वाटेत असा एकच लांब तुकडा होता.

तयारीतला डोकेदुखीचा भाग मुक्कामांचा. सायकल घेऊन निघायचं ते दमलो तिथं थांबायला मिळावं म्हणून, आणि शेंगेन व्हिसाच्या अर्जाला प्रत्येक रात्र कुठं काढणार ते कागदावर लागतं. वर निदान 30,000 युरोचा प्रवास विमा. मग आम्ही ऐनवेळी रद्द करता येतील अशाच खोल्या घेतल्या आणि मुक्काम शक्यतो रेल्वे स्टेशनच्या गावी ठेवले. इथं इतिहास कामाला आला. गारोन नदीला समांतर असलेला हा कालवा 1856 मध्ये पुरा झाला आणि जवळजवळ त्याच सुमारास शेजारून बोर्दो-तुलूझ रेल्वेही सुरू झाली. रेल्वेनं कालव्याचा धंदा खाल्ला. आज तीच लाईन सायकलवाल्यांना पाठराखीण आहे. पाय बोलायला लागले, पाऊस लागला, तर टीईआर या लोकल गाडीत सायकल चढवायची आणि पुढच्या गावी उतरायचं. आम्हाला सायकलीचं वेगळं तिकीट लागलं नाही, जागा मात्र मोजक्याच, म्हणून गर्दीची वेळ टाळायची.

सायकली बोर्दोला घेऊन तुलूझला परत करायच्या, अशी भाड्याची सोय मिळाली. मागं दोन्ही बाजूंना पॅनिअर बॅगा, कुलूप, पंक्चरचं सामान. ताब्यात घेतल्याघेतल्या आधी ब्रेक बघा, हे मी कळकळीनं सांगते. आपल्याकडे पुढच्या चाकाचा ब्रेक उजव्या हातात असतो, तिथं डाव्या. उतारावर सवयीनं नुसता डावा दाबला तर मागचं नाही, पुढचं चाक आवळलं जातं. आम्ही दुकानासमोरच्या गल्लीत तीनचार फेऱ्या मारल्या, दुकानदार हसत बघत होता. रस्त्याची बाजूही उजवी. समोरून कुणी आलं की वहिनी मागून ओरडायच्या, "उजवीकडे गं, उजवीकडे!"

बोर्दोतून बाहेर पडलं की लात्रेनपासून रोजे लापेबीच्या नावाची वाट लागते. हा गडी 1937 ची टूर द फ्रान्स जिंकलेला, आणि त्या स्पर्धेत डिरेलर गिअर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे) चालतील असं ठरलं तेही त्याच वर्षी. वाट जुन्या रेल्वेमार्गावरची, त्यामुळे चढ आहे पण आगगाडीला झेपेल इतकाच. क्रेऑंच्या जुन्या स्टेशनात आता सायकलवाल्यांसाठी केंद्र आहे. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, मध्येच एक बोगदा, आणि रुळांच्या जागी गुळगुळीत डांबर. सोव्हतेर गावाला ही वाट संपते. तिथून कालव्यापर्यंतचा पंधरा-वीस किलोमीटरचा टप्पा छोट्या डांबरी रस्त्यांवरून, चढउतारांचा. गाड्या इथंच काय त्या. एक ट्रॅक्टर मागं आला, आम्ही बाजूला होईपर्यंत निमूट थांबला आणि ओलांडून गेल्यावर त्यातल्या आजोबांनी हात केला. वहिनींना हे पचायला वेळ लागला.

पुढं कालवा. इथं फार वर्णन करण्यासारखं नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. सरळ पाणी, सरळ वाट, वर 'प्लेन' नावाच्या झाडांची कमान. पहिल्या तासाला स्वर्ग, तिसऱ्या तासाला झोप. झाडांची मुळं डांबराखालून वर आलेली असतात, सावलीत दिसत नाहीत आणि पाठीला बरोबर सांगतात. रस्ता आडवा आला की दुचाकी-मोटारी शिरू नयेत म्हणून लोखंडी आडकाठ्या. फुगलेल्या बॅगा घेऊन त्यातून निघणं म्हणजे कसरत. गळ टाकून बसलेल्यांच्या लांबलचक काठ्या वाटेवर आडव्या असतात. तिथं घंटी वाजवायची नाही, सावकाश जायचं आणि "बोंजूर" म्हणायचं.

बघण्यासारखी गोष्ट म्हणजे लॉक. तुलूझपर्यंत अशी 53 आहेत. पाण्याची पातळी वर-खाली करायला दोन दरवाजांमधली ही कोठी. आता माणूस नसतो. पाण्यावर एक काठी लोंबत असते, नावेवरचा माणूस जाता जाता ती पिळतो आणि यंत्रणा सुरू होते. एका ठिकाणी आम्ही नाव वर चढेपर्यंत थांबलो. दोर धरून बसलेली बाई, फसफसणारं हिरवं पाणी, आणि नाव इंचाइंचानं आमच्या पायाशी येते. पंधरा मिनिटं सहज जातात. लॉकवाल्याच्या जुन्या घरात कुठं कॉफीचं दुकान असतं, कुठं नुसतं कुलूप.

आता खाण्याचं. खरी परीक्षा इथं आहे. गावातली दुकानं दुपारी बारा ते दोन बंद, काही त्याहून जास्त. खानावळीत जेवण बाराला सुरू, दोनला चूल बंद, मग रात्री सातनंतरच. रविवारी दुपारपासून सामसूम, सोमवारी पुष्कळ ठिकाणी बेकरीलाही सुटी. त्यामुळे सकाळी नऊच्या आत पाव, चीज, टोमॅटो, फळं घेऊन बॅगेत टाकणं हाच नियम. आम्ही गेलो सप्टेंबरात, तेव्हा द्राक्षं आणि आजां शहराच्या बाजूचे सुकवलेले प्लम भरपूर. वहिनी पक्क्या शाकाहारी आणि हा सगळा बदकवाल्यांचा मुलूख. सॅलड मागितलं तरी त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येतात, म्हणून मागवतानाच "सां लार्दों" सांगायचं. भाजलेल्या बकरी-चीजचं सॅलड बहुतेक ठिकाणी मिळतं. त्यावर वहिनींनी पुण्याहून आणलेली लसणाची चटणी भुरभुरली. शेजारच्या टेबलावरच्या फ्रेंच बाईंनी चव मागितली आणि पाणी पीत पीत अजून घेतली.

पाण्यासाठी एक युक्ती तिथल्या जुन्या सायकलवाल्यांकडून कळली: गावचं कब्रस्तान शोधायचं. थडग्यावरच्या फुलझाडांसाठी तिथं नळ असतोच. पाणी पिण्याचं नाही अशी पाटी नाही ना, तेवढं बघायचं. वहिनींनी आधी नाक मुरडलं, पण तहान लागल्यावर आत गेल्या.

थांबण्यासारख्या जागा सांगते. मास-दाजने गावाला कालव्यावरून चढून जावं लागतं, पण तिथल्या चर्चमध्ये रेम्ब्रांटचं 1631 सालचं क्रुसावरच्या ख्रिस्ताचं चित्र आहे. एवढ्याशा गावात असं काही असेल यावर विश्वास बसत नाही. आजांच्या अलीकडे चार लॉक ओळीनं चढून गेलं की कालवा चक्क पुलावरून गारोन नदी ओलांडतो: 539 मीटर लांब, 23 कमानी. खाली नदी, शेजारी नाव आणि मधून आपण सायकल हातात धरून. चालवता येते, पण पायी येणारे असतात आणि घाई कशाला? मुआसाकच्या मठाचं भोजनगृह रेल्वेसाठी पाडलं, खांबांचा चौक मात्र वाचला. तिथं अर्धा दिवस द्या. मोंतेशला 1974 मध्ये बांधलेला पाण्याचा उतार आहे. दोन इंजिनं पाण्याच्या पाचरीसकट नावेला ढकलत वर न्यायची आणि पाच लॉक टळायची. आता बंद आहे, पण यंत्र बघता येतं.

शेवटचा दिवस कंटाळ्याचा. मोंतेशनंतर सरळसोट वाट, कडेला रेल्वे, पुढं गोदामं. शिवाय आग्नेयेकडून येणारा ओतां नावाचा वारा थेट तोंडावर. सपाट वाटेवर वारा हाच घाट, असं वहिनी म्हणाल्या आणि आळीपाळीनं पुढं राहायचं ठरलं.

तुलूझला पाँ-जुमोच्या पुलांपाशी पुतण्या उभा होता. सायकली परत करताना दुकानवाल्यांनी घासलेल्या बॅगा बघितल्या, आडकाठ्यांना घासल्या का विचारलं आणि अनामत रक्कम सगळी परत दिली.

पुढचा कालवा, म्हणजे कनाल द्यु मिदी, भूमध्य समुद्रापर्यंत जातो. तुलूझनंतर पन्नासेक किलोमीटर डांबर आहे, मग माती आणि मुळं. 2006 पासून तिथल्या प्लेन झाडांना बुरशीचा रोग लागला आहे, हजारो झाडं तोडावी लागली, त्यामुळे काही ठिकाणी सावलीही नाही. त्यासाठी रुंद टायरची सायकल घ्या, असं पुतण्यानं सांगितलं. वहिनींनी लगेच विचारलं, "पण ट्रक नाहीत ना?"