हेच उत्तर कशावरून?

गूढ शब्दकोड्याचं उत्तर बरोबर आहे हे कशावरून ठरवायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. गूढ शब्दकोड्यातलं एखादं उत्तर सांगितलं की समोरून दोन प्रश्न येतात. 'हे सुचलं कसं?' हा पहिला. 'पण हेच कशावरून? दुसरं का नाही?' हा दुसरा. सुचण्याचं बरंचसं श्रेय सरावाला देता येतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कागदावर मांडून दाखवता येतं, आणि माझ्या मते तेच कोडं सोडवण्याचं खरं काम आहे.

साध्या शब्दकोड्यात 'फूल (३)' असं सूत्र, म्हणजे उत्तराकडे नेणारा इशारा, असलं की कमळ, गुलाब, मोगरा सगळेच बसतात. निकाल लागतो तो आडव्या-उभ्या शब्दांच्या जुळणीवर. गूढ सूत्र तोच शब्द दोन वाटांनी सांगतं. सूत्राचा एक तुकडा उत्तराचा सरळ अर्थ देतो, त्याला आपण अर्थभाग म्हणू. उरलेला तुकडा अक्षरांचं काय करायचं ते सांगतो, तो शब्दखेळ. दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी पोचल्या आणि मध्ये एकही शब्द बेकार उरला नाही, की उत्तर सिद्ध झालं.

हे सूत्र घ्या:

गवताची पानं, आणि मध्ये पैसे पोचल्याचा कागद (३)

वाचताच डोळ्यांपुढे हिरवळ येते, तिच्यात पडलेला कागद दिसतो. हे चित्र आधी पुसून टाकायचं. कोडेकारानं ते मुद्दाम रंगवलेलं असतं आणि त्याचा उत्तराशी बहुधा काही संबंध नसतो. मग सूत्राची दोन टोकं बघायची, कारण अर्थभाग जवळजवळ नेहमी सुरुवातीला नाही तर शेवटाला असतो. मधोमध शोधत बसलात तर वेळ वाया गेलाच म्हणून समजा. इथे एक टोक 'गवताची पानं', दुसरं 'पैसे पोचल्याचा कागद'. कंसातला आकडा अक्षरसंख्या सांगतो. काना-मात्रा-वेलांटी अक्षराबरोबरच मोजायची आणि जोडाक्षर एकच धरायचं. पैसे पोचल्याचा तीन अक्षरी कागद म्हणजे पावती.

पुष्कळ जण इथेच थांबतात आणि चौकोन भरून पुढे जातात. पण अजून 'गवताची पानं', 'आणि', 'मध्ये' यांचा हिशेब लागलेला नाही. पावतीची दोन टोकं घ्या: पा, ती. पाती! गवताची पाती. मध्ये उरला 'व', आणि व म्हणजे 'आणि'. सगळ्या सूत्रात जो शब्द निव्वळ सांधा वाटत होता, तोच एक अक्षर पुरवून गेला. 'मध्ये'नं त्याची जागा सांगितली. आता कुणी 'कशावरून?' विचारलं तर उत्तर एका ओळीत देता येतं: पा(व)ती, पाती म्हणजे गवताची पानं, व म्हणजे आणि, तो मध्ये बसवला, अर्थ पैसे पोचल्याचा कागद.

एकाक्षरी शब्दांची अशी एक यादी मनात तयार ठेवावी. व म्हणजे आणि, ऊ म्हणजे डोक्यातला किडा, भू म्हणजे जमीन, न म्हणजे नकार, मी, तू, श्री. 'सूर' किंवा 'स्वर' आला तर सा, रे, ग, म, प, ध, नी यांपैकी कोणताही असू शकतो. अडलेली निम्मी सूत्रं अशा एखाद्या अक्षरापाशीच अडलेली असतात.

सगळ्यात आखूड सूत्र दुहेरी अर्थाचं असतं. त्यात शब्दखेळ वेगळा नसतो, दोन्ही तुकडे अर्थच देतात. 'थोडं म्हातारपण (२)'. यावर हमखास येणारं चुकीचं उत्तर म्हणजे प्रौढ. अक्षरं दोन, अर्थही जवळपासचा, त्यामुळे ते खरं वाटतं. पण म्हातारपण हे नाम आहे आणि प्रौढ हे विशेषण. अर्थभाग आणि उत्तर यांची व्याकरणातली जात एकच असली पाहिजे, म्हणजे वाक्यात एकाच्या जागी दुसरं ठेवून बघता आलं पाहिजे. ही एवढी कसोटी लावली तरी निम्मी चुकीची उत्तरं गळून पडतात. बरोबर उत्तर 'जरा': थोडं या अर्थी जरा आणि म्हातारपण या अर्थीही जरा. पहिल्यातला ज दंततालव्य, 'जमीन'मधल्यासारखा, दुसऱ्यातला तालव्य, 'जीवन'मधल्यासारखा. लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात. मराठीत उच्चारावर बेतलेली सूत्रं फार करता येत नाहीत, कारण आपण बहुतेक बोलतो तसंच लिहितो. दिन आणि दीन अशा थोड्या जोड्या आहेत, तेवढ्याच. उलट एका लिखाणाचे दोन उच्चार असलेले च-ज-झ चे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत आणि कोडेकारानं ते वापरलेच पाहिजेत.

आता हे बघा: 'दोन वरातींच्या मध्ये सापडलेला पती (३)'. पुन्हा 'मध्ये' आलं. मघाचा अनुभव धरून तुम्ही एक शब्द दुसऱ्याच्या पोटात घालायला जाल आणि काही हाती लागणार नाही. इथे 'मध्ये'चं काम वेगळं आहे. उत्तर समोर लिहिलेलंच आहे: दो(न वरा)तींच्या. नवरा. खूणशब्दांची, म्हणजे अक्षरांचं काय करायचं ते सुचवणाऱ्या शब्दांची, यादी पाठ करून भागत नाही ते यामुळेच. 'मध्ये' दिसलं की दोन शक्यता धरायच्या: शब्दात शब्द घालणं आणि शब्दांत दडलेला शब्द शोधणं. दडलेला शब्द शोधताना शब्दांमधली मोकळी जागा बोटानं झाकून सगळी अक्षरं सलग वाचावीत. इतकी साधी युक्ती, पण तिच्याशिवाय 'न' आणि 'वरा' जवळ येत नाहीत.

याच जातीचं एक सदोष सूत्रही बघण्यासारखं आहे: 'एक मळकं डबकं पोटात लपवतं फूल (३)'. ए(क मळ)कं, उत्तर कमळ. चित्र सुंदर आहे, कमळ उगवतंही तशाच पाण्यात. पण 'डबकं' काय करतं? लपवण्याच्या कामात त्याचं एकही अक्षर लागत नाही, ते फक्त चित्रासाठी आलंय. उत्तर बरोबर असूनही सोडवणारा त्या शब्दाचा उपयोग शोधत बसतो. हिशेब मांडायची सवय असली की दोष आपला की कोडेकाराचा हे कळतं. मी असं सूत्र सुंदर म्हणेन, चोख म्हणणार नाही.

जोडणीची सूत्रं त्या मानानं सोपी असतात. 'चोर नसलेल्याच्या मागे गाडी लावून व्याज घेणारा (४)'. चोर नव्हे तो साव, त्याच्या मागे कार, सावकार. या शब्दाच्या व्युत्पत्तीत गाडी नाही हे उघडच आहे, आणि नसावीच. शब्द त्याच्या खऱ्या मुळाशी तोडला तर त्यात कोडं उरत नाही.

उलटवण्याचं एक: 'मका परतायला लागते मेहनत (२)'. परतणं म्हणजे कढईतलं परतणं असं वाटतं, पण इथे ते माघारी फिरणं आहे. मका माघारी फिरला की काम, म्हणजे मेहनत. क्रियापदाचा नेहमीचा अर्थ सोडून दुसरा धरून बघणं हे या प्रकारात फार लागतं. फिरला, वळला, उलटला, परतला ही क्रियापदं दिसली की थबकावं.

उलथापालथीच्या सूत्रात अक्षरं दिलेली असतात, क्रम बदलायचा असतो. 'विस्कटलेला नवाच पुस्तकी छंद (३)': नवाचची अक्षरं विस्कटली की वाचन. खुणेला विस्कटलेला, गोंधळ, मोडतोड, घुसळून असं काहीही चालतं, मात्र त्यातून क्रम बिघडल्याचा अर्थ निघाला पाहिजे. नवे कोडेकार सगळ्यात जास्त घसरतात ते इथेच. 'मानवी गोंधळातून उडणारं यंत्र (३)' वाचायला किती छान! उत्तर विमान असावं असं वाटतं. पण मानवीतली वी दीर्घ आहे आणि विमानातली वि ऱ्हस्व. अक्षर हेच मोजण्याचं एकक धरलं तर वी आणि वि ही दोन वेगळी अक्षरं झाली आणि सूत्र कोसळलं. वेलांटीत सवलत द्यायची असेल तर ती कोड्याच्या सुरुवातीला जाहीर करावी, एका सूत्रापुरती गुपचूप घेऊ नये.

आद्याक्षरांचं सूत्र ओळखायला सोपं: 'मनापासून दरवेळी तत्परतेनं सुरुवात करून केलेलं साहाय्य (३)', म्हणजे मदत. फक्त एक अडचण आहे. ळ नं सुरू होणारा शब्द मराठीत नाही आणि ण नं जवळपास नाहीच, त्यामुळे सकाळ, कारण असे शब्द या प्रकारे बांधता येत नाहीत. सोडवणाऱ्यानंही हे ध्यानात ठेवावं: जुळणीतून चौकोनात ळ किंवा ण आला असेल तर आद्याक्षरांचा विचार सोडून द्यावा.

मराठीला विभक्तीची एक वेगळी अडचण आहे. शब्दाला प्रत्यय लागला की त्याचं रूप बदलतं, घोडाचं घोड्याला होतं. ज्या शब्दाची अक्षरं जशीच्या तशी वापरायची त्याला असा प्रत्यय लावला तर सोडवणाऱ्याच्या हाती मोडकं साहित्य येतं. वरातींच्या सूत्रात तीवरचा अनुस्वार चालून गेला, कारण नवरा त्याच्या आधीच संपला. 'नवाच' मुद्दाम प्रत्ययाशिवाय ठेवला. साहित्य कोरं आणि खुणा प्रत्ययांसकट अशी वाटणी केली की वाक्यही मराठी राहतं.

हे सगळे नियम एका दिवसात झाले नाहीत. पहिलं शब्दकोडं आर्थर विनच्या हातून २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात आलं, ते साध्या अर्थांचं होतं. ब्रिटनमधल्या 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्रात १९२६ पासून टॉर्कमाडा या टोपणनावानं येणारी कोडी पूर्ण गूढ होती. त्याच्या जागी १९३९ मध्ये डी. एस. मॅकनट आले, त्यांनी झिमेनीझ हे नाव घेतलं. दोन्ही नावं स्पेनमधल्या धर्मचौकशीच्या, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांचा छळ करणाऱ्या न्यायसंस्थेच्या, प्रमुखांची आहेत, म्हणजे सोडवणाऱ्याला काय वाट्याला येणार हे नावातच सांगितलेलं. झिमेनीझनं घातलेली शिस्त आजही मोजमाप म्हणून चालते: नेमका अर्थभाग, न्याय्य शब्दखेळ, आणि त्यापलीकडे काहीही नाही. डबक्याचा शब्द मला खटकतो तो या तिसऱ्या कलमामुळे.

सोडवताना माझा आग्रह एकच आहे. उत्तर सुचलं पण हिशेब लागला नाही, तर ते पेन्सिलनं लिहा आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढा. मराठी चौकोनात आडवा-उभा जुळणारा प्रत्येक चौकोन मात्रेसकट जुळावा लागतो, त्यामुळे एक चुकीचं उत्तर दुसऱ्या शब्दाला पार अडवून ठेवतं. पुढे एखादा शब्द काही केल्या बसेना, तर आधी प्रश्नचिन्हवाल्यांकडे जावं. चूक बहुधा तिथेच असते.

दुसऱ्याला समजावतानाही उत्तर आधी सांगू नये, पायरी-पायरीनं जावं. समजा सूत्र आहे 'आठवणीच्या आत आणि अंगवळणी पडलेली गोष्ट (३)'. पहिल्यांदा फक्त अर्थभाग कोणत्या टोकाला ते सांगायचं: शेवटाला. एवढ्यावर बरेच जण सोडवतात. नाही जमलं तर प्रकार सांगायचा: शब्दाच्या पोटात काहीतरी घालायचंय. तरीही अडलं तर खूणशब्द दाखवायचा, 'आत'. मग विचारायचं की सूत्रातला कोणता शब्द अजून कामाला लागलेला नाही. बोट 'आणि'वर जातं, व मिळतो, आणि आठवणीसाठी दोन अक्षरी शब्द शोधता शोधता सय सापडते. स(व)य. उत्तर त्यांनी स्वतः म्हटलेलं असतं, आणि 'कशावरून?' हा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नाही.