डहाणूच्या रेषेवर

शहाळेवाल्या बाईने कोयत्याचे तीन घाव घातले, चौथ्यात वरची टोपी उडवली आणि शहाळं माझ्या हातात दिलं. क्षणभर मी डहाणूच्या पारनाक्यावरच उभा होतो. प्रत्यक्षात होतो हायकौला, चीनच्या हायनान बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर. कामासाठी आलो होतो आणि दोन दुपारी मोकळ्या मिळाल्या होत्या. रात्री खोलीवर नकाशा उघडला तेव्हा उलगडा झाला. डहाणूवर बोट ठेवून सरळ उजवीकडे सरकवत नेलं की ते हायकौलाच टेकतं. दोन्ही गावं विसाव्या अक्षांशाला चिकटलेली. आमचं केसभर खाली, त्यांचं केसभर वर.

ऊन तेच, घाम तोच, नारळ तेच. चिनी लोक या गावाला लाडाने ‘नारळांचं शहर’ म्हणतात. फरक पडतो तो जानेवारीत. उत्तरेचे गार वारे सामुद्रधुनी ओलांडून थेट गावात शिरतात आणि दिवस दिवस झिमझिम लावतात. त्याच बेटावर दक्षिणेला असलेलं सान्या मात्र उबदार राहतं, कारण मध्ये पाच बोटांचा डोंगर, वूझी, 1,800 मीटरहून उंच उभा आहे. आमच्या हिमालयाचंच काम, पण किरकोळ प्रमाणात.

हायकौ म्हणजे समुद्राचं तोंड. नांदू नदी इथे सागराला मिळते. पलीकडे तीसेक किलोमीटरची सामुद्रधुनी आणि मग मुख्य भूमी. एवढ्याशा पाण्याने शेकडो वर्षं किती दहशत घातली! इ.स.पू. 110 मध्ये हान सम्राटाने या बेटावर कारभार बसवला. पण बंड आणि खर्च झेपेनात, म्हणून काही दशकांत त्याच घराण्याने तो गुंडाळलाही. पुढच्या राजवटींना मात्र बेटाचा छान उपयोग सापडला. दरबारात जो नको तितकं बोलेल, त्याची बदली हायनानला.

आपल्याकडे शिक्षेच्या बदलीला गडचिरोलीचं नाव घेतात. गडचिरोलीकरांना त्यात काय वाटतं, हे कोणी विचारत नाही. या बेटावर आधीपासून राहणाऱ्या ली लोकांनाही कोणी विचारलं नाही. त्यांच्या लेखी ते जगाच्या मधोमधच राहत होते.

गावात एक देऊळ आहे, पाच साहेबांचं. साहेब हा शब्द माझा, पण चुकीचा नाही. तांग घराण्याच्या काळातला एक मंत्री आणि सुंग घराण्याच्या काळातले चार अधिकारी, पाचही जण इथे हद्दपार झालेले. 1889 मध्ये त्यांच्यासाठी हे देऊळ बांधलं. हद्दपारांची पूजा करणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही. शेजारीच कवी सू तुंगपो यांची जागा आहे. साठी उलटल्यावर, 1097 मध्ये, त्यांना धाकट्या मुलासह बेटाच्या पश्चिमेला दानचौला धाडलं. तिथून त्यांनी मित्राला पत्रात तक्रारींची यादीच पाठवली: मांस नाही, औषध नाही, घर नाही, मित्र नाही, थंडीत कोळसा नाही, उन्हाळ्यात गार झरा नाही. मग याच माणसाने नारळाच्या करवंटीची टोपी डोक्यावर चढवली आणि त्या टोपीवर कविता केली! 1100 मध्ये त्यांना परतीची परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी, घरी पोचण्याआधी, ते वारले.

बेटाने या सगळ्याची परतफेडही केली. 1514 मध्ये इथेच जन्मलेला हाय रुई हा अधिकारी राजधानीत गेला आणि मिंग सम्राटाला त्याच्या चुका ऐकवणारा अर्ज त्याने लिहिला. अर्ज देण्याआधी स्वतःसाठी शवपेटी विकत घेऊन ठेवली, अशी गोष्ट सांगतात. तो तुरुंगात गेला, पण वाचला. त्याची समाधी हायकौलाच आहे.

मला मात्र देवळांपेक्षा जुन्या पेठेतला फूटपाथ आवडला. सिंगापूर, मलाया, सयामला पोटासाठी गेलेल्या इथल्या लोकांनी पैसे कमावून 1920–30 च्या सुमारास गावात इमारती बांधल्या. त्यांना म्हणतात चीलौ, म्हणजे स्वार झालेलं घर. वरचा मजला खालच्या फूटपाथवर मांड ठोकून बसलेला असतो, त्यामुळे पाऊस असो वा ऊन, अख्खी पेठ सावलीतून चालता येते. गच्चीच्या कठड्याच्या भिंतीला मोठी गोल भोकं ठेवलेली. मला आधी ती नक्षी वाटली. ती वादळासाठी आहेत, वारा आरपार जावा आणि भिंत उभी राहावी म्हणून. सप्टेंबर 2024 मध्ये यागी वादळ शेजारच्या वनचांगला धडकलं आणि हायकौतली झाडंच्या झाडं उन्मळली, तेव्हा या भोकांचा हिशेब पुन्हा पटला असणार.

1988 मध्ये हायनान मुख्य भूमीवरच्या ग्वांगतुंग प्रांतापासून वेगळं होऊन स्वतंत्र प्रांत झालं, हायकौ त्याची राजधानी. मग काय, सगळ्या देशातून माणसं नशीब काढायला इथे लोटली. जिथे रडत यायचे, तिथे रांगा लावून. जमिनीचे भाव चढले, 1993 मध्ये दाणकन आपटले, अर्धवट इमारतींचे सांगाडे उरले. तो हिशेब मी पुढे वाचला नाही, ठाण्यात राहिल्यावर त्यात नवल वाटत नाही.

दुसऱ्या दुपारी चहाच्या दुकानात बसलो. या चहाचं नावच ‘म्हाताऱ्या बाबांचा चहा’. एक किटली, दोन गोड पाव आणि अख्खी दुपार. टेबलाटेबलावर म्हातारे लॉटरीच्या आकड्यांचे कागद पसरून पेन्सिलने गोल काढत होते. शेजारच्या आजोबांनी खुणेनेच विचारलं, कुठले? मी मोबाइलवर नकाशा उघडून हायकौवर बोट ठेवलं आणि डावीकडे सरकवू लागलो. व्हिएतनाम, लाओस, थायलंड, ब्रह्मदेश, बंगालचा उपसागर, ओडिशा, छत्तीसगड, मग गडचिरोली जिल्ह्यातून, नाशिकवरून, शेवटी डहाणू.

आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून ती सगळी वाट पाहिली. मग भाषांतराच्या ॲपमध्ये काहीतरी बोलले. पडद्यावर उमटलं: “तिथे नारळ आहेत का?”

मी मान डोलावली. त्यांनी माझ्या कपात त्यांच्या किटलीतला चहा ओतला आणि पेन्सिल उचलली.